स्टुडिओच्या केबलसाठी अडॅप्टर, कनव्हर्टर, जोडपिन घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोरेगावला माझी बारा बाय आठची खोली आहे, तिलाच मी स्टुडिओ म्हणतो. डबिंग, अभंग, जिंगल, मधूनच कोणाच्या तरी पॉडकास्टचं एडिटिंग. आठवड्याला एकतरी मेसेज येतो, खाली पिनेचा फोटो आणि वर "दादा हे कशात बसेल?" म्हटलं एकदाच सगळं लिहून ठेवू, पुढच्या वेळी लिंक टाकता येईल.

दुकानात पी-३८ म्हणतात, यूट्यूबवर क्वार्टर इंच म्हणतात, ह्या दोन वेगळ्या पिना आहेत का?

नाही हो, एकच. लॅमिंग्टन रोडच्या (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) काउंटरवर जाड पिनेला पी-३८ म्हणतात. ही ६.३५ मिमीची पिन, टेलिफोन एक्सचेंजमधे ऑपरेटर बायका ज्या पिना उचलून इकडून तिकडे खोचायच्या ना, तीच ही, एकोणिसाव्या शतकापासून तशीच चालू आहे. बारीक ३.५ मिमीची ती ईपी पिन. तीन दातांची एक्सएलआर तिला जुनी लोकं कॅनन म्हणतात. आणि डीव्हीडी प्लेअरच्या मागे असायची ती लाल-पांढरी म्हणजे आरसीए.

आता पिनेवरच्या काळ्या रेघा मोजा. एक रेघ म्हणजे टीएस (टिप म्हणजे टोक, स्लीव्ह म्हणजे मागचा दांडा), दोन म्हणजे टीआरएस (मधे एक रिंग, म्हणजे कडी), तीन म्हणजे टीआरआरएस (ही मोबाइलच्या हेडफोनची). दुकानदार पहिलीला मोनो म्हणतो आणि दुसरीला स्टिरिओ, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो, कारण स्टुडिओत टीआरएस पिन बहुतेक वेळा स्टिरिओ नसतेच, ती बॅलन्स्ड मोनो असते (एकच आवाज दोन वायरींवर, एकीवर सुलटा, दुसरीवर उलटा, सविस्तर खाली). म्हणजे पिन तीच पण आतून वाहणारा माल वेगळा. हे वाक्य डोक्यात राहू द्या, खालचे अर्धे प्रश्न त्यातूनच येतात.

अडॅप्टर नीट बसला, मग आवाज फाटतो का? किंवा येतच नाही?

कारण अडॅप्टर फक्त तोंडाचा आकार बदलतो, बाकी काही करत नाही. मागून येणारा सिग्नल किती व्होल्टचा आहे, बॅलन्स्ड आहे की नाही, ह्याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही.

आकड्यात सांगतो म्हणजे पटेल. एसएम ५८ सारखा डायनॅमिक माइक ९४ डेसिबलच्या आवाजाला १.८५ मिलिव्होल्ट देतो. प्रो गिअरची लाइन लेव्हल (एका मशीनमधून दुसऱ्यात जाणारा मोठा सिग्नल), म्हणजे +४ डीबीयू, असते १.२२८ व्होल्ट. साडेसहाशे पटीहून जास्त फरक! आणि घरगुती गिअरची −१० डीबीव्ही म्हणजे ०.३१६ व्होल्ट, प्रो लाइनच्या जवळपास चौथा हिस्सा, जवळजवळ १२ डीबीचा फरक. मग तुम्ही कीबोर्डचा आउटपुट पी-३८ टू कॅनन अडॅप्टर लावून माइकच्या इनपुटात घातला तर तो फाटणारच ना.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे इंटरफेसवरचा (माइक आणि वाद्यं कॉम्प्युटरला जोडणारी डबी) कॉम्बो जॅक, ज्यात बाहेरून कॅनन बसते आणि मधल्या भोकात पी-३८. लोकांना वाटतं दोन्ही एकच इनपुट, फक्त सोयीसाठी दोन आकार. तसं नाहीये. बहुतेक इंटरफेसमधे कॅनन लावली की सिग्नल माइक प्रीअँपला (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट) जातो आणि मधली पी-३८ लावली की लाइन किंवा गिटारच्या इनपुटला. म्हणजे कीबोर्डची केबल आहे तशी मधे खोचायची होती, अडॅप्टरची गरजच नव्हती, आणि लोक मुद्दाम पैसे देऊन कॅननचा अडॅप्टर आणून आवाज फाडून घेतात. माझ्याकडे आलेल्या "इंटरफेस खराब झालाय" तक्रारींपैकी बऱ्याच ह्याच निघाल्यात.

कॅनन माइक ईपी अडॅप्टर लावून कॅमेऱ्यात रेकॉर्ड केला, हेडफोनवर ऐकू येतं पण मोबाइलच्या स्पीकरवर आवाज गायब. भूत आहे का?

भूत नाही, फेज आहे. आणि हे माझ्या स्वतःच्या बाबतीत झालंय म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका ओळखीच्या बुवांचं कीर्तन होतं, दादरला. दोन तास. मी घाईत एक कॅनन टू ईपी स्टिरिओ कनव्हर्टर उचलला, साठ-सत्तर रुपयाचा, आणि कॅमेऱ्याला लावला. हेडफोनवर चेक केलं तर आवाज येत होता, थोडा डोक्याच्या मागून आल्यासारखा विचित्र वाटला पण म्हटलं हॉलच तसा आहे. रात्री बुवांना क्लिप पाठवली. सकाळी फोन, "अरे टाळ-मृदंग लांबून येतोय पण मी कुठाय?"

तर झालं असं. बॅलन्स्ड माइकमधे पिन १ अर्थ, पिन २ वर सिग्नल आणि पिन ३ वर तोच सिग्नल उलटा. पुढचं बॅलन्स्ड इनपुट ह्या दोघांतला फरक काढतं, वाटेत दोन्ही वायरींवर सारखाच चिकटलेला कचरा त्या वजाबाकीत उडतो, आणि मूळ आवाज राहतो. फार हुशार पद्धत आहे. पण त्या कनव्हर्टरने पिन २ नेली डाव्या चॅनलला आणि पिन ३ उजव्याला. कॅमेऱ्याला वाटलं हा स्टिरिओ आहे. आता डावीकडे सुलटा आवाज, उजवीकडे तोच उलटा, आणि ज्या मोबाइलला एकच स्पीकर तो दोन्हीची बेरीज करतो, बेरीज शून्य! टाळ-मृदंग कॅमेऱ्याच्या दुसऱ्या माइकवरून थोडा मिक्स झाला होता म्हणून तेवढाच वाचला.

तुमच्याकडे अशी फाइल असेल तर टाकून देऊ नका. एडिटिंगमधे फक्त डावा चॅनल घ्या आणि तोच दोन्हीकडे वाजवा, किंवा एका बाजूची फेज उलटी करा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि पुढच्या वेळी असा अडॅप्टर किंवा केबल घ्या ज्यात पिन २ ईपीच्या टिप आणि रिंग दोन्हीला जोडलेली असते. दुकानात "कॅनन टू ईपी" एवढंच मागितलं तर दोन्हीपैकी काहीही हातात पडेल, बाहेरून दिसायला अगदी सारखे असतात, म्हणून मल्टीमीटर लावून बघा.

कॉलर माइक मोबाइलला लावला तर मोबाइल स्वतःचाच माइक वापरतो.

कारण माइकची पिन दोन रेघांची आणि मोबाइलला तीन रेघांची हवी. टीआरएस टू टीआरआरएस अडॅप्टर लागतो, रोडचा एससी४ ह्याच कामाचा आहे, आणि उलट्या दिशेचा एससी३, मागवताना आकडा नीट बघा. स्वस्त मालात अजून एक भानगड, टीआरआरएसमधे दोन पद्धती आहेत, सीटीआयए आणि ओएमटीपी, त्यात अर्थ आणि माइकची जागा अदलाबदल असते. आत्ताचे फोन सीटीआयए. अडॅप्टर जुन्या पद्धतीचा निघाला तर एकतर माइक चालणार नाही किंवा आवाज बोदा येईल.

टाइप-सीच्या डोंगलचं काय? एका फोनला चालतो, दुसऱ्याला नाही.

आयफोन ७ ने २०१६ मधे हेडफोनचं भोक काढलं आणि मग बाकीच्यांनी पण काढलं, तेव्हापासून ही कटकट. डोंगल दोन प्रकारचे. एकात छोटा डॅक असतो, म्हणजे डिजिटलचं अॅनालॉग तो स्वतः करतो, हा जवळपास सगळीकडे चालतो. दुसऱ्यात नुसत्या वायरी, तो फक्त अशा फोनला चालतो जो टाइप-सी मधून थेट अॅनालॉग आवाज बाहेर काढतो. पाकिटावर डॅक लिहिलंय का बघा. आणि बहुतेक डोंगलचा इनपुट फक्त मोनो हेडसेट माइकसाठी असतो, त्यात मिक्सरचा स्टिरिओ आउट घालायचा विचार करू नका, त्याला सरळ छोटा यूएसबी इंटरफेस घ्या.

कॅननवरून टीएस करायचं तर पिन ३ चं काय करायचं? कोणी म्हणतं अर्थला जोड, कोणी म्हणतं सोडून दे.

दोघंही बरोबर, मागे काय आहे त्यावर. समोरच्या मशीनच्या आउटपुटला ट्रान्सफॉर्मर असेल तर पिन ३ अर्थला जोडावीच लागते, नाहीतर सर्किट पूर्णच होत नाही आणि आवाज पातळ, चिरका येतो. साधे दोन ऑपअँपवाले (चिपमधले छोटे अँप) आउटपुट असतील तर पिन ३ मोकळी सोडलेली बरी, कारण जोडली की एक अँप सतत शॉर्टमधे चालतो. मोकळी सोडल्यावर लेव्हल ६ डीबी कमी मिळते, गेन वाढवा, झालं. तयार अडॅप्टरमधे १ आणि ३ बहुतेक आतून जोडलेल्याच येतात, म्हणून मॅन्युअलचं ते एक पान वाचा. कोणी वाचत नाही, मला माहितेय.

फँटम चालू असताना अडॅप्टर लावला तर काही जळेल का?

जळू शकतं. फँटम म्हणजे माइक चालवायला त्याच्या केबलमधूनच पाठवलेली वीज, तिचे ४८ व्होल्ट पिन २ आणि ३ वर ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून येतात. साधा डायनॅमिक माइक बॅलन्स्ड केबलवर असेल तर दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज, कॉइलमधून काही वाहत नाही, म्हणून माइक सुखरूप. पण तुम्ही मधे टीएसवाला अडॅप्टर घातला की पिन ३ गेली अर्थला आणि पिन २ वर ४८ तसेच, आता करंट सगळा कॉइलमधून किंवा कीबोर्डच्या आउटपुटमधून. आत नाजूक पट्टी असलेला रिबन माइक असेल तर विषयच संपला. म्हणून मधे कुठलाही अडॅप्टर असेल तर आधी फँटम बंद, मग अर्धा मिनिट थांबा, मग हात लावा.

वाय केबलने दोन कीबोर्ड एका इनपुटात जोडू का?

एकातून दोन काढता येतात, दोनातून एक करू नका. दोन आउटपुट तारेने डोक्याला डोकं लावून जोडले की दोघं एकमेकांनाच ढकलत बसतात, आवाज बसतो, फाटतो, कधी आउटपुट तापतो. मधे रेझिस्टर हवेत किंवा छोटा मिक्सर. आणि एक टीआरएस टू दोन टीएस केबल मिळते ती बघून फसू नका, मिक्सरच्या इन्सर्टची (बाहेरचं मशीन मधे जोडायची जागा) पण हुबेहूब तशीच दिसते, त्यात टिपने सिग्नल बाहेर जातो आणि रिंगने परत येतो.

गिटार थेट कॅननमधे?

नको. गिटारच्या पिकअपला साधारण १ मेगओहमचा इनपुट लागतो, माइकचा इनपुट काही किलोओहमचाच असतो, त्यामुळे वरची सगळी चमक जाते, कांबळं घातल्यासारखा आवाज येतो. इंटरफेसवर इन्स्ट्रुमेंटचं बटण असेल तर तेच दाबा, नसेल तर डीआय बॉक्स, म्हणजे गिटारचा सिग्नल माइकच्या इनपुटाला चालेल असा करणारी डबी. डीआय हा अडॅप्टर नाहीये, तो खरोखर सिग्नल बदलतो, म्हणून महाग असतो.

लॅपटॉप स्पीकरला जोडला की घुंऽऽऽ येतं. चांगला अडॅप्टर घेतला तर जाईल?

जाणार नाही, पैसे वाचवा. आधी एक करा, चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. आवाज गेला? मग तो चार्जरमधून आणि अर्थमधून येतोय. आपल्याकडे ५० हर्ट्झची लाइन, घुमणारा तो सूर तिचाच. गिरगाव-लालबागच्या जुन्या इमारतींत तर तीन भोकांचा सॉकेट दिसतो पण अर्थची तार मागे कुठे गेलीय का ते देवालाच ठाऊक. सगळी मशीनं एकाच चांगल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, जमेल तिथे बॅलन्स्ड केबल वापरा, लॅपटॉप आणि स्पीकरच्या मधे ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर किंवा ग्राउंड लिफ्टवाला (फक्त आवाजाच्या केबलमधली अर्थ सोडवणारा) डीआय टाका. चार्जरची किंवा अँपची अर्थ पिन तोडायची नाही. कोणी कितीही अनुभवी माणसाने सांगितलं तरी नाही, घुंघुं परवडला, शॉक नाही परवडत.

न्यूट्रिक ओरिजिनल आहे की डुप्लिकेट कसं ओळखायचं? आणि न्यूट्रिकच घ्यायचं का?

न्यूट्रिक ही लिश्टेनश्टाइनची कंपनी, १९७५ पासूनची, आणि रीन हा त्यांचाच स्वस्तातला ब्रँड. स्विचक्राफ्ट, अँफेनॉल पण डोळे मिटून घ्यावेत असे. डुप्लिकेट बाजारात भरपूर आहेत. नाव कोरण्यापेक्षा छापलेलं वाटतं, मागचा बूट फिरवताना खरखरतो, आतला केबल पकडणारा चक तकलादू असतो. भाव ऐकून तुम्हालाच हसू आलं तर तो डुप्लिकेट.

पण ब्रँड नसला तरी मी काउंटरवर हे बघतो. पिन सॉकेटात घालून हलवायची, डगडगली की परत. पिनेचं टोक एकसंध आहे की दाबून बसवलेलं, बसवलेलं असेल तर एक दिवस ते सॉकेटातच राहणार आणि बाकीची पिन तुमच्या हातात येणार. बॉडी उघडणारी असेल तर उघडून बघायची, सोल्डरचा सांधा चकचकीत हवा, राखाडी गोळा नको. मोल्डेड असेल तर उघडता येत नाही, मग ती खराब झाली की फेकायचीच, म्हणून मी मोल्डेड सहसा घेत नाही. शेवटी मल्टीमीटर बीपवर ठेवून एक-एक पिन तपासायची आणि तपासताना अडॅप्टर पिळायचा, बीप तुटला तर तो रेकॉर्डिंगच्या मधे पण तुटणार. दुकानदार वैतागतात. वैतागू देत, दोन-तीनदा गेलात की स्वतःच मीटर पुढे करतात.

सोन्याचा मुलामा दिलेला घेऊ का?

सोनं गंजत नाही, एवढाच फायदा. आवाज "उबदार" वगैरे होत नाही.

मग पावसाळ्यात काय करायचं?

हा मुंबईचा खास प्रश्न. जून ते सप्टेंबर निकेलच्या पिना काळवंडतात, केबल हलवली की खर्रर्र, आणि लोक अडॅप्टर बदलत बसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घेऊन पिना पुसा, सॉकेटात पिन दहा-बारा वेळा घाला-काढा, निम्मे आजार तिथेच बरे होतात. अडॅप्टर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. माझा डबा लोणच्याच्या बरणीसारखा आहे, आईला तो परत हवाय.

एक अखंड अडॅप्टर बरा की छोट्या केबलवाला?

केबलवाला. इंटरफेसच्या जॅकमधून एक लांब लोखंडी अडॅप्टर बाहेर आलाय, त्याच्या टोकाला अजून एक अडॅप्टर, आणि त्याला जड केबल लटकतेय, हे चित्र मी कितीदा पाहिलंय. कोणाचा तरी पाय अडकतो, कोपर लागतं, आणि अडॅप्टर पहारीसारखा काम करतो, सॉकेट बोर्डवरून उपटतं. अडॅप्टर वाचतो, इंटरफेस मरतो! एक वीतभर केबल मधे असली की झटका केबल खाते.

आणि अडॅप्टरला अडॅप्टर जोडून आगगाडी करू नका. प्रत्येक सांधा म्हणजे एक ढिली व्हायची जागा.

मग उपाय काय, अडॅप्टर नकोच?

जी जोडणी रोजची आहे तिला अडॅप्टर नको, दोन्ही टोकं हवी तशी असलेली केबल बनवून घ्या. लॅमिंग्टन रोडला, ग्रँट रोड स्टेशनवरून चालत, मीटरवर केबल आणि सुटे कनेक्टर मिळतात, सोल्डर करून देणारे पण भेटतात. कॅनारे एल-४ई६एस किंवा मोगामी २५३४ परवडली तर उत्तम, नाहीतर चांगली शिल्ड असलेली कुठलीही. कनेक्टरला न्यूट्रिकचे एनसी३एमएक्सएक्स, एनसी३एफएक्सएक्स आणि जाड पिनेला एनपी३एक्स मागा. कागदावर चित्र काढून न्या, "टिपला २, रिंगला ३, स्लीव्हला १", कारण तोंडी सांगितलं की तो मान डोलावतो आणि त्याला वाटतं ते करतो. शक्य असेल तर सोल्डरिंग स्वतःच शिका, एका रविवारचं काम आहे. आणि अनबॅलन्स्ड केबल पाच-सहा मीटरच्या आत ठेवा, उरलेली गुंडाळी मागे पडू देऊ नका.

डिजिटल आरसीए आणि डिजिटल कॅनन साध्या अडॅप्टरने जोडू का?

डिजिटल आरसीए म्हणजे एसपीडीआयएफ, ते ७५ ओहमचं, डिजिटल कॅनन म्हणजे एईएस, ते ११० ओहमचं, व्होल्टेजही वेगळं. इम्पिडन्स बदलणारा ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर घ्या. साध्याने कधीकधी चालतं आणि मग क्लायंट बसलेला असताना टिकटिक सुरू होते.

मिडीची (कीबोर्ड आणि मशीनांना सुरांचे संकेत देणारी) ईपी पिनवाली केबल एका मशीनला चालते, दुसऱ्याला नाही.

टाइप ए आणि टाइप बी असे दोन प्रकार आहेत, २०१८ मधे टाइप ए ठरला, त्याआधीची काही मशीनं बी वर आहेत. अडॅप्टर त्याप्रमाणे घ्या.

बाहेर रेकॉर्डिंगला जाताना तुम्ही बॅगेत काय ठेवता?

दोन पी-३८ टू ईपी, दोन्ही केबलवाले. एक कॅनन टू ईपी, पिन २ दोन्हीकडे नेलेली, त्यावर लाल टेप, त्या कीर्तनापासून. एक टीआरएस टू टीआरआरएस. दोन आरसीए टू पी-३८, कारण हॉलवाल्याचा मिक्सर कुठल्या जमान्यातला असेल सांगता येत नाही. कॅननचा मेल-मेल आणि फिमेल-फिमेल एकेक, कारण कोणीतरी केबल उलटी ओढून ठेवलेली असतेच. डीआय एक, आयसोलेटर एक, मल्टीमीटर. प्रत्येकावर कागदी टेप लावून आत काय कुठे जोडलंय ते लिहिलेलं.

माझी पिन वरच्या कशातच बसत नाही.

पिनेचा फोटो नको पाठवू, मशीनच्या मागच्या पॅनलचा पाठव, मॉडेल नंबर दिसेल असा, आणि ते कशाला जोडायचंय त्याच्याही मागचा. आणि रविवारी लॅमिंग्टन रोडला जाऊ नकोस, बरीचशी दुकानं बंद असतात.